बरे न होणाऱ्यांच्या शल्यचिकित्सक : डॉ. विमलताई गावंडे

डॉ. विमलताई गावंडे यांची आणि माझी पहिली भेट ठरली होती त्यांच्या खोलीत. झाली मात्र वॉर्डात. नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं. मी बाळापूरच्या शतरंज्या विणणाऱ्या घरातला मुलगा, भूलशास्त्राचं शिक्षण संपवून अमरावतीच्या धर्मादाय रुग्णालयात जागेसाठी अर्ज घेऊन आलो होतो. ताई तिथल्या छातीच्या शस्त्रक्रियेच्या प्रमुख होत्या. शस्त्रक्रियागृहातून त्या बाहेर आल्या, तोंडावरचा मास्क गळ्यात उतरवला आणि माझ्या हातातल्या कागदांकडे न बघताच म्हणाल्या, "बाळापूरचे ना तुम्ही? चला माझ्यासोबत."

वॉर्डाच्या टोकाच्या खाटेवर साठीच्या आसपासचे एक गृहस्थ बसले होते. समोर लोखंडी टेबल, टेबलावर दोन उशा, उशांवर कोपरं टेकलेली आणि मान पुढे झुकलेली. एकेक वाक्य ते दोन श्वासांत बोलत. हे वरूडचे गफूरभाई. संत्र्यासाठी लाकडी पेट्या बनवण्याचं त्यांचं काम. त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला होता, तो पसरलेला होता आणि एका बाजूच्या छातीत पाणी भरून फुप्फुस दाबलं गेलं होतं. एका मोठ्या शहरातून "आता काही करता येणार नाही, घरी न्या" असं सांगून त्यांना परत पाठवलं होतं. घरी नेण्याऐवजी त्यांची पत्नी जमीलाबी त्यांना ताईंकडे घेऊन आल्या होत्या.

ताईंनी मला विचारलं, "यांना भूल द्यायची झाली तर कशी द्याल?"

ही मुलाखत आहे हे ओळखून मी औषधांची नावं, नळ्या, दोन फुप्फुसं वेगळी ठेवण्याची पद्धत, सगळं क्रमानं सांगितलं. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. पण त्यासाठी यांना आधी आडवं करावं लागेल. आता त्यांनाच विचारा."

मी गफूरभाईंना विचारलं. ते हसले, हसताना खोकला आला, खोकला थांबल्यावर म्हणाले, "आडवं झालो का जीव गुदमरते, डॉक्टरसाब. म्हयना झाला, बसूनच झोपून राहिलो. झोप कायची, डुलकी." मग ताईंकडे वळून म्हणाले, "डॉक्टरीनबाई, मले बरं नोका करू. मले समजते, ते होनार नाई. मले फक्त आडवं होऊ द्या."

ताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तेवढं जमते मले," त्या म्हणाल्या.

पुण्यामुंबईच्या परिषदांत शुद्ध प्रमाण मराठी आणि इंग्रजी बोलणाऱ्या ताई रुग्णाच्या खाटेशी आल्या की अकोल्याच्या माहेरची बोली बोलतात. त्या दिवशी ती मी पहिल्यांदा ऐकली. नोकरी मला मिळाली की नाही हे कुणी सांगितलंच नाही. "उद्या सकाळी लवकर या, गफूरभाईंचं काम आहे," एवढंच ताई म्हणाल्या, आणि मी त्यांच्याबरोबर काम करू लागलो ते आजतागायत.

ताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्तच्या या गौरवग्रंथाचे सगळेच वाचक वैद्यकातले नाहीत, म्हणून ताईंच्या कामाचं स्वरूप थोडं सांगतो. फुप्फुसाचा कर्करोग लवकर सापडला तर शस्त्रक्रियेनं काढता येतो. आमच्याकडे तो लवकर सापडत नसे. खोकला आहे म्हणून आधी क्षयाची औषधं, मग गावातली औषधं, मग पेरणी होऊ द्या, मग वेचणी होऊ द्या, असं करत रुग्ण येई तेव्हा गाठ काढण्याची वेळ टळून गेलेली असे. अशा रुग्णासाठी शल्यचिकित्सकाकडे काही नाही, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. ताईंना तो मान्य नव्हता. गाठ काढता येत नसेल, पण छातीतलं पाणी पुन्हा पुन्हा भरणं थांबवता येतं, दबलेली श्वासनलिका मोकळी करता येते, मोडू पाहणारं हाड सावरता येतं. रोग तसाच राहतो, त्रास कमी होतो. यालाच उपशामक शस्त्रक्रिया म्हणतात. ताईंनी आयुष्यातली उमेदीची वर्षं या कामाला दिली. त्यात नाव होत नाही, कारण पुढे येऊन "मी यांच्यामुळे वाचलो" असं सांगणारा रुग्ण उरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गफूरभाईंना बसवूनच ताईंनी बरगड्यांमधून एक बारीक नळी आत सरकवली. पाणी बाटलीत उतरू लागलं. मला वाटलं होतं की सगळं एकदम काढून टाकतील. त्या थोडं पाणी काढत, चिमटा लावून थांबत, गफूरभाईंशी गप्पा मारत आणि पुन्हा थोडं काढत. "इतके दिवस दबलेलं फुप्फुस आहे, एकदम उघडलं तर तेच सुजतं," त्यांनी मला समजावलं. संध्याकाळच्या एक्स-रेमध्ये फुप्फुस छातीच्या भिंतीपर्यंत फुललेलं दिसलं तेव्हा ताईंनी ती फिल्म गफूरभाईंच्या हातात दिली आणि बोटानं दाखवलं, "हे पाहा, तुमचं फुप्फुस. मोकळं झालं."

पण पाणी पुन्हा भरणार होतं. ते भरू नये म्हणून फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये शंखजिऱ्याची, म्हणजे टाल्कची, निर्जंतुक भुकटी फवारायची असते. तिनं दाह होतो, दोन्ही पडदे एकमेकांना चिकटतात आणि पाण्याला जागाच उरत नाही. हे दुर्बिणीतून करायचं होतं. पूर्ण भूल देणं मला धोक्याचं वाटत होतं आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. ताई म्हणाल्या, "मग पूर्ण भूल नको. बरगड्यांच्या नसा बधिर करू, थोडी गुंगी देऊ. तुम्ही डोक्याशी बसा आणि त्यांच्याशी बोलत राहा. त्यांना भीती वाटली तर मी थांबेन." माझं म्हणणं मान्य करताना त्यांना जराही कमीपणा वाटला नाही, हे माझ्या लक्षात राहिलं.

त्याआधी एक अडथळा होता. आठवड्याच्या बैठकीत रुग्णालयाच्या तेव्हाच्या प्रमुखांनी ताईंना विचारलं, "शस्त्रक्रियेसाठी रांग लागलेली असताना न वाचणाऱ्या माणसाला टेबलावर घेण्यात काय अर्थ आहे?" प्रश्न वाईट हेतूनं विचारलेला नव्हता. त्या वर्षांत आमचं रुग्णालय खरोखरच भरून वाहत होतं. कापसाला भाव नव्हता, पाऊस दगा देत होता, वरूड-मोर्शीकडे विहिरी आटून संत्र्याच्या बागा उभ्या वाळत होत्या. त्यामुळे घराघरांत आजारपण शेवटपर्यंत अंगावर काढलं जाई. ताई म्हणाल्या, "सर, हा माणूस छातीतलं पाणी काढायला दर आठवड्याला वरूडहून एस.टी.नं येईल. बरोबर बायको येईल. येण्याजाण्यातच त्यांचं उरलेलं आयुष्य जाईल. मी एकदाच टेबल मागतेय. त्यानंतर तो घरी राहील."

प्रमुखांचं मत काही बदललं नाही. पुढेही कधी बदललं नाही. पण त्यांनी ताईंना आठवड्यातली एक सकाळ दिली, आणि त्यासाठी ताई आजही त्यांचं नाव कृतज्ञतेनं घेतात.

त्या सकाळी मी गफूरभाईंच्या डोक्याशी बसलो होतो. आत दुर्बीण फिरत होती आणि आम्ही लाकडावर बोलत होतो. पेटीला सलईचं लाकूड चांगलं, हलकं असतं, खिळा घेताना फाटत नाही, असं ते अर्धवट गुंगीत सांगत होते. मध्येच म्हणाले, "आता तर लोकं संत्र्याची झाडंच तोडून राहिले, साब. ज्या झाडासाठी पेटी बनवली, तेच लाकूड सरपनात इकून राहिले."

नंतर दोन दिवस त्यांना ताप आला, छातीत दुखलं. दुखणं आवरण्याचं काम माझं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं खालच्या मजल्यावर होतो, तेवढ्यात जमीलाबी धावत आल्या. पदर सावरत नव्हता. "डॉक्टरीनबाई, चला ना लवकर! ते उठूनच नाई राहिले. हाका मारल्या, हलवलं, उठूनच नाई राहिले!"

आम्ही जिने कसे चढलो ते आठवत नाही. वॉर्डात जाऊन पाहतो तर टेबल बाजूला सरकवलेलं, दोन्ही उशा जमिनीवर, आणि गफूरभाई पाय लांब करून, तोंड उघडं टाकून घोरत होते. ताईंनी नाडी पाहिली, श्वास मोजला आणि जमीलाबींना जवळ घेतलं. "बाई, झोपले ते," त्या म्हणाल्या. जमीलाबी तिथंच खाटेच्या पायाशी बसून रडू लागल्या. ताईंनी त्या दुपारची राउंड पुढे ढकलली आणि सगळ्या वॉर्डाला हळू बोलायला लावलं. शस्त्रक्रियेनंतर ताईंचे डोळे भरलेले मी एवढ्या वर्षांत पाहिले ते त्याच दिवशी. लगेच त्यांनी एका परिचारिकेला चादर मळकी आहे म्हणून रागावून घेतलं आणि बाहेर निघून गेल्या.

ताईंचा राग हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. आमच्यापैकी त्याच्या तडाख्यातून सुटलेला कुणी नाही. रुग्णाच्या देखत इंग्रजीत कुजबुजणाऱ्या डॉक्टरला त्या तिथल्या तिथे थांबवत. "कावून, त्यांचं शरीर आहे, त्यांना कळू नये काय?" असं त्या विचारत. "कावून" म्हणजे आमच्याकडचं "का".

उपशामक शस्त्रक्रिया करणाऱ्याला कधी शस्त्र उचलायचं नाही हे अधिक चांगलं कळावं लागतं. मोर्शीच्या एका निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. त्यांची गाठ हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेली होती. त्यांचा मुलगा बाहेरगावी मोठ्या हुद्द्यावर होता, ताईंना सारखा म्हणत होता, "जितकी निघेल तितकी तरी काढा. आम्ही काहीच केलं नाही असं नको व्हायला." ताईंनी ठाम नकार दिला. "अर्धी गाठ काढली तर आईला जखम मिळेल, आराम मिळणार नाही. तुमच्या मनाच्या समाधानासाठी मी त्यांची छाती उघडणार नाही." मुलगा दुखावला. ताईंनी खुर्ची बाईंच्या जवळ ओढली आणि त्यांना सगळं सांगितलं. बाईंनी विचारलं, "किती दिवस आहेत?" ताई म्हणाल्या, "ते मला माहीत नाही, आणि खोटा आकडा मी सांगणार नाही. पण दम लागला तर काय करायचं, दुखलं तर काय करायचं, हे मला माहीत आहे. तुम्ही कधीही बोलवा." बाई म्हणाल्या, "शाळेत मीही असंच सांगायचे. येतं तेवढंच लिहा." त्यांना नंतर शस्त्रक्रियेची गरज पडली नाही, गोळ्या पुरल्या. वेदनेवर चालणारं अफूपासूनचं औषध तेव्हा आमच्या भागात मिळतच नसे. त्याच्या परवान्यासाठी ताईंनी कार्यालयांच्या किती पायऱ्या झिजवल्या हे आम्ही जवळून पाहिलं आहे.

गफूरभाई घरी जाऊन पुन्हा कामाला बसले. मोठी पेटी जमत नव्हती, पण फळ्या मापात कापून देत. कधीतरी मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून तपासणीला येत. मग एकदा आले ते लंगडत. रोग मांडीच्या हाडात उतरला होता. एक्स-रेमध्ये हाडाला पोकळी दिसत होती. हाडांच्या डॉक्टरांचं मत पडलं की आता कशाला त्रास द्यायचा, मोडलं तर बघू.

"मोडल्यावर काय बघाल?" ताई म्हणाल्या. "मोडलं की ते खाटेवर, आणि खाटेवरच सगळं. आज आतून सळई टाकली तर संडासाला स्वतः जातील. मला तेवढंच हवं आहे."

हाडांच्या डॉक्टरांनी सळई टाकली, मी कमरेतून भूल दिली आणि ताई स्वतःचं काम नसताना पूर्ण वेळ तिथे उभ्या राहिल्या. गफूरभाई काठीच्या आधारानं चालत घरी गेले.

हिवाळ्यात ते गेले. आम्ही दोघं वरूडला भेटायला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तोडलेल्या झाडांचे ढीग होते, आणि मध्येच एखादी बाग तशीच हिरवी, फळांनी लगडलेली. जमीलाबींनी आम्हाला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "शेवटच्या जुम्म्याले बी सोताच्या पायानं वजूले, नमाजाआधी हातपाय धुवाले, गेले. कोनाचा हात नाई धरला." आणि वर, "लय घमंडी मानूस व्हता." आणि त्या हसल्या. ताईही हसल्या. परतीच्या वाटेवर, अमरावती जवळ आल्यावर ताई म्हणाल्या, "सलीम, अकोल्यात असं कुणीच करत नाही. आठवड्यातून एक दिवस आपण जाऊ." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'तुम्ही'चा 'तू' झालो.

मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला जाण्याचा तो आठवड्याचा फेरा वर्षानुवर्षं चालत आला आहे. गाडी ताई स्वतः चालवतात, आणि त्यांच्या शेजारी बसणं हा माझ्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा अनुभव आहे, हे आज निर्भयपणे लिहितो.

तिथेच कमलाबाई भेटल्या. जुन्या शहरात देवळापाशी फुलांचे हार करून विकणाऱ्या, पन्नाशीतल्या. तंबाखूला कधी हात न लावलेल्या, पण आयुष्यभर चुलीच्या धुरात बसलेल्या. त्यांच्या छातीतही पाणी भरत होतं. ताईंनी दुर्बिणीतून भुकटी फवारली. या वेळी जमलं नाही. फुप्फुसावर रोगाचं जाड आवरण चढल्यामुळे ते फुललंच नाही, आणि पाणी परत भरलं. ताई स्वतः कमलाबाईंच्या घरी गेल्या. मी बरोबर होतो. आडपडदा न ठेवता त्या म्हणाल्या, "कमलाबाई, मी केलं ते लागू नाही पडलं. माझा अंदाज चुकला."

कमलाबाई म्हणाल्या, "मंग आता दुसरं काय करता?"

या प्रश्नानं ताईंना बरं वाटलं असावं. त्यांनी एक बारीक नळी कायमची बसवायचं ठरवलं. तिला एक तोटी आणि एक पिशवी. रोज थोडं पाणी घरीच काढायचं. ताईंनी कमलाबाईंच्या सुनेला जवळ बसवून हात धुण्यापासून तोटी बंद करण्यापर्यंत सगळं शिकवलं, तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं, चुकली तिथे रागावल्या आणि जमलं तेव्हा पाठ थोपटली. पुढच्या आठवड्यात आम्ही देवळावरून जात होतो तर कमलाबाई दुकानावर! पिशवीला लुगड्याच्या काठाची खोळ शिवून ती कमरेला बांधलेली, आणि बोटं भराभरा शेवंती ओवत होती. ताईंनी गाडी भर रस्त्यात थांबवली. मागून हॉर्न वाजत होते.

"दम लागते का?" ताईंनी खिडकीतून विचारलं.

"लागते ना थोडा. पन गिऱ्हाईकाशी भांडता येते," कमलाबाई म्हणाल्या आणि एक हार ताईंच्या हातात दिला. ताईंनी तो तिथंच गळ्यात घातला आणि दिवसभर तसाच ठेवून रुग्ण तपासले.

पुढे पुण्याच्या एका परिषदेत ताईंनी या कामावर भाषण केलं. भाषण संपल्यावर एका तरुण डॉक्टरांनी विचारलं, यामुळे रुग्णांचं आयुष्य नेमकं किती वाढलं? ताई म्हणाल्या, "वाढलं असं मी म्हणत नाही. त्यांना झोप लागली, ते चालले, भांडले. तुम्हाला मोजायचं असेल तर हे मोजायची पद्धत काढा, मी मदत करीन." ते तरुण डॉक्टर पुढे खरोखरच अमरावतीला आले आणि वर्षभर ताईंच्या हाताखाली राहून गेले. आज विदर्भात हे काम करणारे जे मोजके शल्यचिकित्सक आहेत, त्यांतल्या बहुतेकांच्या हातांवर ताईंची चापटी बसलेली आहे.

आमच्यासारख्या सहकाऱ्यांवरचा त्यांचा लोभ त्या बोलून दाखवत नाहीत. रमजानात मोठ्या शस्त्रक्रिया आपोआप सकाळी लागायच्या. कारण विचारलं तर "मला दुपारी झोप येते" म्हणायच्या. माझी अम्मी आजारी पडली तेव्हा त्या बाळापूरला येऊन तिच्याजवळ बसल्या, तिच्याकडून शतरंजीची वीण समजावून घेतली, आणि अम्मीनं नंतर मला सांगितलं की तुझ्या या मोठ्या डॉक्टरीनबाईला धागा धड ओढता येत नाही.

ताईंनी शस्त्रक्रिया थांबवून काही वर्षं झाली. पंच्याहत्तरीत पदार्पण करतानाही आठवड्याचा बाह्यरुग्ण विभाग त्या सोडत नाहीत. हल्ली त्यांच्याकडे येणाऱ्यांत रोग लवकर सापडलेले, पूर्ण बरे होणारेही रुग्ण असतात. अशा रुग्णाला दुसऱ्या शल्यचिकित्सकाकडे पाठवताना ताई खूष असतात, आणि ज्याला कुणीच घेत नाही अशाची फाईल स्वतःजवळ ठेवतात. या ग्रंथाची कल्पना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्यावर कागद वाया घालवू नका. लोकांना सांगा की डॉक्टरनं 'काही करता येत नाही' म्हटलं तर अजून एक प्रश्न विचारा. दम कमी करता येईल काय, दुखणं कमी करता येईल काय, एवढं विचारा." म्हणून त्यांच्या वतीनं तेही इथे नोंदवून ठेवतो.

ताई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, आणि त्यातला प्रत्येक दिवस तुमच्या स्वतःच्या पायांवरचा, तुमच्या स्वतःच्या रागातला आणि भरभरून घेतलेल्या श्वासांचा असो. या आठवड्यातही अकोल्याला जायचं आहे. फक्त एक विनंती आहे, ती आम्हा सर्वांच्या वतीनं: या वेळी गाडी मला चालवू द्या.